लांब नाव

साखर कारखान्याच्या सभासदांची नावं नव्या कॉम्प्युटरवर चढवताना वर्षाराणीला खोट सापडली, तशी ती चेअरमन रामकिसन अण्णांकडे धावली.

“अण्णा, नेटवरून फुकट घेतलेल्या डेटाबेस लायब्ररीत, म्हंजी यादी सांभाळणाऱ्या प्रोग्राममधी, चूक हाय. नाव लई लांब असलं की मेमरीत आपल्या जागेबाहेर सांडतं अन् पुढच्या सभासदाचं नाव पुसून टाकतं. निवडणुकीआधी दुरुस्त करते.”

“पुढचा कुणीबी असला तरी?”

“कुणीबी.”

“र्‍हाऊ दे पोरी, दमलीस. उद्यापसून आमचा पुतण्या पप्पू बसंल तिथं.”

मतदानाला विरोधी गटाची निम्मी माणसं यादीत नाव नाही म्हणून माघारी फिरली. निवडून आल्यावर “कॉम्प्युटरचं सगळं हिनंच केलं,” म्हणत अण्णांनी भर सभेत पहिला हार वर्षाराणीच्या गळ्यात घातला. माघारी फिरलेल्यांत नेकनूरहून आलेले तिचे वडीलही होते. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोललेले नाहीत.