मागची जागा

कारखान्याच्या हॉकी संघात मागे खेळायला जाण्यात भिंगरीचा फायदाच होता. आघाडीत जागा नव्हती आणि होणारही नव्हती, कारण तिथे मास्तरांची भाची खेळत होती. मागे मात्र बचाव सांभाळणाऱ्या अक्काचे गुडघे कुरकुरायला लागले होते. मास्तर म्हणाले होते, "बचावात ये. हंगाम नीट काढलास की कारखान्यात कायम. नाहीतर पुढे खेळायला कुंपणाबाहेर भरपूर मैदान आहे." भाचीची जागा शाबूत राहिली, हा मास्तरांचा फायदा. भाचीचा फायदा जन्मतःच ठरलेला. आणि अक्का? जी मुलगी आपली जागा घेणार तिलाच तयार करायचं, आणि मग कारखान्याच्या भांडारात खुर्चीवरचं काम. खुर्चीचं नाव ऐकून गुडघ्यांनीच परस्पर होकार दिला असावा.

आज शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात राहणार होता आणि भिंगरीची नोकरी पक्की होणार होती. आईने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं.

"भिंगरे, कुठे निघालीस?"

"चेंडू तिकडे आहे, अक्का."

"असू दे. त्याला इकडचा पत्ता माहीत आहे. येतो बरोबर."

भिंगरी निमूटपणे मागे आली. चेंडू घेऊन जागच्या जागी गरकन फिरायची, म्हणून भिंगरी. आता तिला खुंट्यासारखं उभं राहायचं होतं.

"पुढे चुकायचीस तेव्हा मागे मी होते," अक्का धापा टाकत म्हणाली. "आता चुकलीस तर मागे कोण?"

"गोलकीपर."

"तिच्या भरवशावर मी गॅसवर दूधही ठेवणार नाही."

पलीकडे भाचीसमोर गोल मोकळा होता. तिने चेंडू बाहेर मारला आणि केस सारखे केले. बाकावरून 'अरेरे' आलं. पुढे हुकलं की लोक 'अरेरे' म्हणतात. मागे हुकलं की 'कोण?' म्हणतात.

शिट्टीला थोडाच वेळ राहिला होता, गोल अजून कुणाचाच नव्हता, तेव्हा चेंडूला पत्ता सापडला. समोरच्या संघातली एक उंच मुलगी कडेने गोलपुढच्या अर्धवर्तुळात शिरली आणि तिने चेंडू गोलसमोरून आडवा, सरपटत हाणला. गोलकीपर भलत्याच बाजूला पडली होती. तरी काही बिघडलं नव्हतं. चेंडू कुणालाही न लागता दूरच्या खांबाबाहेरून निघून जाणार होता. त्याला जाऊ द्यायचं, एवढंच काम होतं.

पण दूरच्या खांबाशी भिंगरी उभी होती. शाळेत असल्यापासून ती याच खांबाशी अशाच चेंडूची वाट पाहत आली होती. डोक्याने 'सोड' म्हणायच्या आत हात खाली गेले. स्टिक जमिनीला टेकली, किंचित तिरपी झाली, आणि चेंडू आज्ञाधारक पोरासारखा वळून जाळीत गेला. तिच्या शेजारी अक्काचीही स्टिक खाली होती, अडवायला. बाकावरून एवढंच दिसलं की दोन स्टिका, आणि गोल. समोरच्या मुलींनासुद्धा ओरडायला क्षणभर उशीर झाला.

संघ खालच्या गटात गेला. कपडे बदलायच्या खोलीत ओल्या मोज्यांचा वास होता. कोपऱ्यातला नळ गळत होता. भाची आरशापुढे पोटरीला मलम चोळत होती. तिने हुकवलेल्या गोलाबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही.

मास्तर दारात उभे राहिले. "वर कारखान्याच्या साहेबांना नाव द्यावं लागेल. कुणाची स्टिक लागली?"

त्यांची नजर फिरत भिंगरीवर आली. भिंगरीने वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेलीच होती.

"माझी," अक्का म्हणाली.

"तुझी? इतकी वर्षं खेळून?"

"गुडघा वळला नाही."

मास्तरांचं आयुष्य मैदानावर गेलं होतं. तो हात कुणाचा, हे त्यांना शंभर पावलांवरूनही कळलं असतं. पण तरुण ठेवायची आणि थकलेली काढायची, याला कारण हवंच होतं आणि ते आयतं चालून आलं होतं. आलेल्या लक्ष्मीला कोण दार लावतं?

"मग खुर्चीचं अवघड आहे, अक्का," ते म्हणाले. आवाज त्यांनी शक्य तितका दुःखी केला. "आणि भिंगरे, तू कायम. पुढच्या हंगामापासून अक्काची जागा तुझी. तिथेच राहायचं आता. पुढचं विसर."

मास्तर गेले. हळूहळू बाकीच्याही गेल्या. अक्का गुडघ्यांचे पट्टे सोडत बसली.

"अक्का, मी सकाळी जाऊन खरं सांगते."

"सांग. मग दोघी जाऊ. माझी खुर्ची काही परत येत नाही." अक्काने पट्टे गुंडाळून भिंगरीच्या बाजूला सरकवले. "हे ठेव. आत्ता नाही, पुढे लागतील."

दाराशी ती थांबली.

"पण गोल देखणा होता हं. पुढे खेळताना असा एकही मारला नव्हतास."

भिंगरी नाडी तशीच हातात धरून बसून राहिली.

भाचीची जागा भाचीकडे राहिली. मास्तरांना साहेबांसाठी नाव मिळालं. भिंगरीलाही ठरलं होतं ते सगळं मिळालं. अक्का कठडा धरून, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत जिना उतरली. अर्ध्यावर तिने सवयीने मागे वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.