गौरींपुढे बुटांसकट

नैवेद्याचं ताट घेऊन वृंदा गौरींपुढे वाकली आणि तिच्या मनगटावरच्या पट्टीतून टिपणीस साहेब बाहेर पडले. अख्खे, उजेडाचे, बुटांसकट, नेमके दोन गौरींच्या मध्ये.

"रजेवर आहेस, माहीत आहे. पण दोनच मिनिटं. आराखडा अडलाय."

सकाळी पुरण वाटताना ऑफिसातली रेवती अशीच उगवली होती. न्हाणीघराच्या दारात हिशेब खात्यातले बापट. रजेतही पट्टी काढायची नाही, ही कंपनीची अट.

"अहो, बूट तरी काढा!" आई ओरडली. पण साहेबांना तिकडून फक्त वृंदा दिसायची, तिचंच ऐकू यायचं.

"साहेब, आज गौरी जेवतायत. त्या माहेरी आल्यात, तशी मीही आलेय. माहेरवाशिणीला कुणी कामाला जुंपत नाही."

साहेब हसले. "पट्टी काढलीस तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल हं. बरं, जेवून घे. मी अर्ध्या तासात येतो."

या घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नसे, 'येतो'च म्हणायचं. लहानपणी चुकून 'जाते' म्हटल्याबद्दल वृंदाने आईचा धपाटा खाल्ला होता.

तिने पट्टीच्या बंदाला हात घातला.

"येतो नाही, साहेब. जातो म्हणा."

तिने बंद सोडला आणि ते तोंड उघडायच्या आत विझले. वृंदाने भीतभीत आईकडे पाहिलं.

आईने ताट गौरींपुढे सरकवलं. "मोठ्यानं सांगायचं होतंस," ती म्हणाली.