आठवी गादी

त्या जुन्या लाकडी बासरीची भोकं झाकायला आठ पितळी झडपा होत्या. प्रत्येकीखालची चामड्याची गादी पार कुजली होती. वाद्यं दुरुस्त करणारा म्हातारा लाख तापवून नव्या गाद्या चिकटवायला बसला.

आतल्या खोलीत त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. तिच्या छातीतली शिट्टी अकरा वर्षं त्याचं डोकं उठवत होती.

पहिली गादी बसली आणि शिट्टी जराशी बारीक झाली. चौथीला निम्म्यावर आली. सातवीनंतर आतून आवाज आला, "अहो, खिडकी उघडता का? हवाच येत नाहीये."

खिडकी सताड उघडी होती.

त्याने सातवी गादी उचकटून पाहिली. आत बायकोने छातीभर श्वास घेतला.

"हुश्श! बरं वाटलं बाई. तुम्ही जेवून घ्या हो, माझ्यापायी उपाशी नका राहू."

म्हाताऱ्याने लाख तापवून पातळ केली. मग त्याने सातवी गादी पुन्हा चिकटवली. आठवीही बसवली.

"अहो..."

"आलोच," तो म्हणाला, आणि लाख गार होईपर्यंत त्याने झडप अंगठ्याने दाबून धरली.