उरलेली चकती

बाबांच्या पश्चात त्यांची जुनी गाडी रस्त्यावर आणायला लेकीला वर्ष लागलं. आज किल्ली फिरवायची, तर कार्बोरेटर जोडून झाल्यावर बशीसारखी इवलीशी चकती उरली. कंपनीच्या पुस्तकात तिचं चित्रच नव्हतं. “दे फेकून, चालू कर!” भाऊ घायकुतीला आला. “अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर भिंत फोडून जाऊ,” ती खेकसली. चहा घेऊन आलेल्या आईनं चकती उचलून उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. “ही माझ्या शिलाई मशीनची. दोरा ताणून धरणारी. ह्यांनी तेलपाणी करतो म्हणून इथंच, गाडीच्या सामानाशेजारी मशीन खोललं, तेव्हापासून टाके सैल पडायला लागले. माझाच हात बिघडला समजून मी गिऱ्हाइकं सोडली.” “दे, मी बसवून देते,” म्हणत लेकीनं चकतीसाठी हात पुढे केला. मूठ मिटून आई आत गेली. जरा वेळानं आतून मशीनची खडखड सुरू झाली. गाडीच्या आवाजात ती बुडू नये म्हणून लेकीनं गाडीची किल्ली खिशात टाकली.