तांब्याची कडी

माझी नात भाविका खारघरच्या कॉलेजात जुने जीवाश्म ओळखायला शिकते. काल तिने किनाऱ्यावर सापडलेले कासवाच्या कवचाचे तुकडे ओट्यावर मांडले.

"आजी, ऐक." तिने एका तुकड्यावर टिचकी मारली. टण्ण. "हाडाचा आवाज बद्द येतो. याचा पार दगड झालाय. लाखो वर्षं लागतात त्याला."

"मग हे भोक कसलं?"

कडेच्या तुकड्याला गोल भोक होतं. आत हिरवट डाग, शेजारी वाकडा ओरखडा.

"किड्याने पाडलं असेल. तू कशाला टेन्शन घेतेस?"

लहानपणी मी तापाने निपचित पडले होते, तेव्हा बाच्या जाळ्यात कासव आलं. त्याला हळदकुंकू लावून बाने कवचाच्या कडेला भोक पाडलं. खिळा निसटला, वाकडा ओरखडा उठला. मग तांब्याची कडी अडकवून त्याने कासव खाडीत सोडलं.

"तू हायस तवर माजी गंगू हाय," तो कासवाला म्हणाला. त्याच दिवशी माझा ताप उतरला.

भाविका चहा ठेवायला वळली. मी हळूच माझ्या मनगटाच्या हाडावर टिचकी मारली.

टण्ण.

"आजी, ठेव गं तो तुकडा," ती मागे न बघताच म्हणाली, "फुटेल."