निळ्या शर्टाची जागा

सहावा शर्ट टेबलावर आला तेव्हा ताईने कात्री बाजूला ठेवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "हे सगळे त्यांचेच ना? घरातल्या दुसऱ्या कुणाचा चुकून आला नाही ना?"

"एकूण एक ह्यांचाच," समोरची बाई म्हणाली. "घरात दुसरं आहे कोण?"

ताई आठवणीच्या गोधड्या शिवायची. गेलेल्या माणसाचे कपडे घरच्यांनी आणून द्यायचे. ती ते कापून, तुकडे जुळवून भिंतीवर लावण्याजोगी गोधडी करून द्यायची. कोण गेलं, कसं गेलं, हे ती कधी विचारत नसे. कपड्यांची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला नेमकं तेवढंच बोलवत नसतं. कपडे कुणाचे, हे मात्र ती एकेक कपडा हातात धरून विचारायची. त्याला कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी एका आईने धाकट्या मुलाचे कपडे आणले होते. त्यांत थोरल्याचा एक शर्ट मिसळला गेला. गोधडी न्यायला थोरलाच आला. त्याने मधल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "ताई, मी अजून आहे."

त्या आईने गोधडी नेली नाही. ताईने तीन वर्षं कात्रीला हात लावला नाही. आता हे पहिलंच काम होतं. पुन्हा जिवंत माणसाचं कापड कापलं गेलं तर दारावरची पाटी कायमची उतरवायची, असं तिने नणंदेला सांगून ठेवलं होतं.

नणंद रोज दुपारी दोऱ्यांची रिळं लावायला यायची आणि हातापेक्षा तोंड जास्त चालवायची. तिने त्या बाईचं नाव 'कडक इस्त्री' ठेवलं. शर्ट तसेच होते. अशा कामाचे कपडे बहुतेक ट्रंकेतून येतात, त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. हे साबणाच्या वासाचे होते. एकाची कॉलर तर अजून दमट होती.

"अजून धुतेय बिचारी," नणंद म्हणाली. "माझ्या भावाचे तुम्ही तो असताना तरी धुता का, वहिनी?"

"तुझ्या भावाचे धुवायला मशीन आहे," ताई म्हणाली आणि दमट शर्ट वाळत घातला.

बाई दर सोमवारी यायची. पहिल्यांदा सहा शर्ट, पुढच्या खेपेला तीन, मग दोन. एकदम आणवत नाहीत, असं तिने सांगितलं होतं. ताईला ते पटलं. माणसं अशीच थोडीथोडी हातातून सोडतात.

बाईला सगळं नेमकं हवं होतं. गोधडी बैठकीच्या खोलीत, सोफ्यासमोरच्या भिंतीवर लागणार होती. भिंतीचं माप तिने कागदावर लिहून आणलं होतं. खिळाही ठोकून झाला होता. ताई काठ शिवण्याआधी कोपऱ्यात माणूस गेल्याची तारीख भरते, म्हणून तिने ती विचारली.

"एकवीस मार्च."

"साल?"

"साल नको. साल माझ्या लक्षात राहील."

फेब्रुवारी संपत आला होता. म्हणजे वर्ष भरतंय, ताईने मनात म्हटलं आणि राखाडी दोऱ्याने एकवीस मार्च भरलं.

राहिला मधला चौकोन. तिथे निळा शर्ट लावायचा होता, बारीक पांढऱ्या रेघांचा. "ह्यांना फार आवडतो तो," बाई म्हणाली. दुसरं बटण तपकिरी होतं, तिनेच कधीतरी घाईत लाल दोऱ्याने लावलेलं. ते काढायचं नाही, बटणासकट तुकडा घ्यायचा, असं तिने दोनदा बजावलं.

"मग तो आजच ठेवून जा ना," ताई म्हणाली. "मध्य मिळाला की दोन दिवसांत काम पुरं होईल."

"आज नाही जमणार. बावीसला सकाळी आणून देते. एकवीस होऊन जाऊ दे."

ताईने पुढे काही विचारलं नाही. वर्षाचा दिवस एखाद्याला तो शर्ट जवळ घेऊन काढायचा असेल. नणंदेनेही त्या दिवशी थट्टा केली नाही.

एकवीस तारखेला दुपारी गोधडी दांडीवर टांगलेली होती. अकरा शर्ट त्यात बसले होते. मधे हातभर चौकोन रिकामा होता. ताई काठाचे टाके तपासत होती. तेवढ्यात धापा टाकत एक गृहस्थ आत आले. गुटगुटीत, हसरे. त्यांनी गोधडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हा माझा! हा पण! आणि मी महिनाभर कपाट उपसतोय. आमच्या हिने कालपर्यंत पत्ता लागू दिला नाही. मी येऊन गेलो म्हणून सांगू नका हं तिला, ताई."

ताईच्या हातातली सुई थांबली. पुन्हा तेच झालं होतं, पिशवीत गेलेल्या माणसाच्या भावाचे कपडे आले होते. तिने विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

"कुणाचे? मला भाऊबिऊ नाही. ती सोमवारी येते ना तुमच्याकडे, तिचा नवरा मी."

ते वाकून कोपऱ्यातली अक्षरं वाचू लागले. "एकवीस मार्च? ही तर आजचीच तारीख. लग्न तर आमचं डिसेंबरातलं." मग त्यांनी खांदे उडवले. "असेल तिच्या डोक्यात काहीतरी. संध्याकाळी धरणावर फिरायला जायचंय म्हणाली, दोघांनीच."

ते सरळ उभे राहिले आणि रिकाम्या चौकोनाकडे पाहून त्यांनी छातीवर हात फिरवला. निळ्या रंगावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. दुसरं बटण तपकिरी होतं, लाल दोऱ्याने लावलेलं.

"ही जागा ह्याची ना? म्हणाली, आज एवढा एकदा घाला, उद्या सकाळी मी ताईंना नेऊन देणार आहे."