उजवीकडची खिडकी

"लेहला विमान मीच उतरवणार, सर. कॅप्टननंच उतरवायचं, असा नियम आहे," केतकी म्हणाली.

उजवीकडे सहवैमानिकाच्या खुर्चीत शिरोडकर सर बसले होते. तिला विमान उतरवायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे ती मोठ्या विमान कंपनीत गेली, सर आपल्या छोट्या कंपनीतच राहिले. मग मोठीनं छोटीला गिळलं आणि सरांची सगळी ज्येष्ठता एका फटक्यात पुसली गेली. उभा जन्म कॅप्टन म्हणून डाव्या खुर्चीत काढलेला माणूस, डोक्याची चांदी झाल्यावर शिष्येच्या उजव्या हाताला येऊन बसला. त्यांचे जुने सोबती तर कँटीनमध्ये उघड धुमसत होते.

सर मात्र खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"सर, राग आलाय का?"

त्यांनी मान वळवली. डोळे काठोकाठ भरले होते. "अगं, राग कसला? बाहेर बघ!"

खाली हिमालय पसरला होता. नजर पोचेल तिथवर उन्हात पेटलेली बर्फाची शिखरं, आणि त्यांच्यावरून सरकणारी विमानाची मुंगीएवढी सावली.

"इतकी वर्षं इथे येतोय. पण इथवर आलं की डोक्यात फक्त धावपट्टी. हे कधी दिसलंच नाही गं." मागे रेलून त्यांनी तिला खिडकी मोकळी करून दिली. "वाक जरा. यापुढे तुलाही दिसायचं नाही. आत्ताच बघून घे, कॅप्टन."